लॉइड रिचर्ड्स : अपुऱ्या संहितेला वेळ देणारा दिग्दर्शक

दलित रंगभूमीविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा नाटककारापाशी सुरू होते आणि नाटककारापाशीच संपते. आशय विद्रोही आहे की नाही, भाषा वस्तीची आहे की पुस्तकातली, शेवट आशावादी आहे की पराभूत, एवढ्यावर परिसंवाद होतात. दिग्दर्शकाचे नाव अहवालाच्या शेवटच्या ओळीत, प्रकाशयोजना आणि रंगभूषा यांच्या शेजारी येते. दिग्दर्शक म्हणजे नटांनी कुठून यायचे आणि कुठे उभे राहायचे ते सांगणारा माणूस, अशी एक समजूत यामागे आहे. ही समजूत मला घातक वाटते. तालीम किती दिवस चालणार, कोणता प्रवेश कापला जाणार, शेवट कोणाच्या सांगण्यावरून बदलणार, पहिला प्रयोग पडला तर दुसरा होणार की नाही, हे सगळे अधिकाराचे प्रश्न आहेत. आणि ते दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसून सोडवले जातात. त्या खुर्चीत कोण बसतो यावर नाटकातला आपला माणूस रंगमंचावर ताठ उभा राहणार की दयेचा विषय होणार, हे पुष्कळ अंशी ठरते.

या दृष्टीने एका अमेरिकन कृष्णवर्णीय दिग्दर्शकाची कारकीर्द तपासण्यासारखी आहे. आमच्या पिढीने हे साहित्य 'निग्रो साहित्य' या नावाने वाचले. म. ना. वानखेडे, जनार्दन वाघमारे यांच्या लेखनातून ते मराठीत आले. 1972 मध्ये दलित पँथरने नाव घेतले तेही तिकडूनच. तो जुना शब्द आता त्या लोकांनीच टाकून दिला आहे, म्हणून मीही तो टाकतो. परंतु आपण तिकडून घेतले ते प्रामुख्याने कवी, कादंबरीकार आणि चळवळीतले नेते. रंगभूमीवर काम करणारी, तालमीच्या खोलीत आयुष्य घालवणारी माणसे आपल्याकडे फारशी पोचली नाहीत. लॉइड रिचर्ड्स हे नाव मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवत असूनही पुष्कळ उशिरा वाचले.

रिचर्ड्स यांचा जन्म 29 जून 1919 रोजी कॅनडात टोरांटो येथे झाला. आईवडील जमैकातून आलेले. वडील सुतार, मोटारीच्या कारखान्यात काम मिळेल म्हणून कुटुंब डेट्रॉइटला आले. लॉइड नऊ वर्षांचा असताना वडील गेले, पुढे काही वर्षांत आईची दृष्टी गेली. लॉइड आणि त्याचा भाऊ यांनी बूटपॉलिश करून, न्हाव्याच्या दुकानात पडेल ते काम करून घर चालवले. वेन विद्यापीठात गेले ते कायदा शिकायला. आपल्याकडे हे कोणालाही समजेल: पहिल्या पिढीचा शिकणारा मुलगा वकील व्हावा, ही साऱ्या घराची इच्छा असते. पण रिचर्ड्स कायद्याकडून नाटकाकडे वळले. दुसऱ्या महायुद्धात कृष्णवर्णीय वैमानिकांच्या स्वतंत्र तुकडीत त्यांचे प्रशिक्षण झाले. 'स्वतंत्र' हा शब्द इथे गौरवाचा नाही. गोऱ्या सैनिकांत त्यांना बसू देत नसत, एवढाच त्याचा अर्थ.

1947 मध्ये ते न्यूयॉर्कला आले. नट म्हणून कामे मिळत ती थोडी, आणि कृष्णवर्णीय नटाला मिळणाऱ्या भूमिका तर नोकराच्या नाहीतर विदूषकाच्या. म्हणून ते शिकवू लागले. पॉल मान यांच्या अभिनयशाळेत ते अध्यापक होते आणि तिथे त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्यांत सिडनी पॉयटिए हा तरुण नट होता. आपल्याला कधी मोठे नाटक मिळाले तर ते तुम्हीच बसवावे, असे पॉयटिए त्यांना म्हणाला होता. नटाचे असे बोलणे कोणी मनावर घेत नाही. इथे ते खरे झाले.

लोरेन हॅन्सबेरी ही विशीतली लेखिका. तिचे 'अ रेझिन इन द सन' हे नाटक 11 मार्च 1959 रोजी ब्रॉडवेवर आले, दिग्दर्शक लॉइड रिचर्ड्स. ब्रॉडवेवर नाटक झालेली ती पहिली कृष्णवर्णीय लेखिका. आणि रिचर्ड्स यांचा उल्लेख सर्वत्र ब्रॉडवेचे पहिले कृष्णवर्णीय दिग्दर्शक म्हणून होतो. या 'पहिले' शब्दाविषयी मला थोडे थांबून बोलायचे आहे. 1903 मध्ये 'इन दाहोमी' नावाचे संगीत नाटक न्यूयॉर्कच्या मोठ्या नाट्यगृहात झाले होते, ते जेसी शिप या कृष्णवर्णीयाने लिहिले आणि बसवले होते. छप्पन्न वर्षांनी आलेल्या माणसाला पुन्हा 'पहिला' म्हणावे लागते, कारण मधली सगळी वर्षे त्या माणसांसाठी दार बंद होते आणि शिपचे नाव विसरले गेले होते. आपल्या जलशांचे काय झाले ते आठवा. भीमराव कर्डकांनी पदे रचली, गायली, माणसे जमवली, बसवली. पण मराठी रंगभूमीच्या इतिहासात त्यांना दिग्दर्शक कोणी म्हटले नाही. म्हणून आपल्याकडेही दर वीस वर्षांनी कोणीतरी 'पहिला' होत असतो.

'रेझिन'ची गोष्ट साधी आहे. शिकागोच्या दक्षिण भागातील कोंदट खोल्यांत राहणारे यंगर कुटुंब. वडील मेले, त्यांच्या विम्याचे 10 हजार डॉलर येणार आहेत. मोठा मुलगा वॉल्टर ली मोटार चालवतो, त्याला त्या पैशांत दारूचे दुकान टाकायचे आहे. बहीण बेनीथा हिला डॉक्टर व्हायचे आहे. आई त्यातले काही पैसे देऊन घर घेते, पण ते गोऱ्यांच्या वस्तीत असते. आणि त्या वस्तीचा एक सभ्य प्रतिनिधी घरी येऊन अत्यंत गोड भाषेत सांगतो की तुम्ही इथे येऊ नका, आम्ही घर जास्त किमतीला परत घेतो. हॅन्सबेरीला हे कल्पनेने लिहावे लागले नाही. तिच्या वडिलांनी 1937 मध्ये अशाच वस्तीत घर घेतले होते. जमावाने फेकलेला दगडाचा तुकडा आठ वर्षांच्या लोरेनला लागता लागता राहिला, आणि खटला 1940 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शहरात भाड्याची खोली शोधताना आडनाव सांगितल्यावर ज्यांची खोली 'कालच गेलेली' असते, त्यांना हे नाटक समजावून सांगायला नको.

हे नाटक उभे करायला निर्माते फिलिप रोझ यांना वर्षाहून अधिक काळ लागला. एकही मोठा धनिक पैसे घालेना. शंभराहून अधिक लोकांकडून लहान लहान रकमा गोळा झाल्या. ब्रॉडवेचे नाट्यगृह सुरुवातीला मिळेना, म्हणून न्यू हेवन, फिलाडेल्फिया, शिकागो असे आधी बाहेरगावी प्रयोग झाले. फिलाडेल्फियाचा प्रयोग पाहून एफबीआयच्या माणसाने, नाटकात साम्यवादी प्रचार आहे का, याचा अहवाल लिहिला. आपल्या शाहिरांच्या मागे साध्या वेषातला हवालदार फिरत असे, त्याचीच ही अमेरिकन आवृत्ती.

या दौऱ्यात एक वाद सुरू होता, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. नाटक आईचे की मुलाचे? आईला केंद्र केले तर ते सोशिक, देवभोळ्या, थोर मातेचे नाटक होते. गोऱ्या प्रेक्षकाला ती आई ओळखीची आहे, तिच्यापासून त्याला काही धोका नाही. मुलाला केंद्र केले तर अपमान गिळून गिळून फुटायच्या बेतात आलेला तरुण पुरुष समोर येतो, आणि तो प्रेक्षकाला आवडेलच असे नाही. पॉयटिए यांनी हा झगडा आपल्या आत्मचरित्रात नोंदवला आहे. आईची भूमिका करणाऱ्या क्लॉडिया मॅक्नील याही तितक्याच ताकदीच्या नटी होत्या. लेखिकेच्या शब्दांत दोन्ही शक्यता आहेत. तोल कुठे राखायचा ते प्रत्येक प्रयोगात दिग्दर्शकाला पाहावे लागते. मला तर वाटते, 'पहिले कृष्णवर्णीय' हे बिरुद बाजूला ठेवले तरी या एका कामगिरीवर रिचर्ड्स दिग्दर्शक म्हणून उभे राहतात. 530 प्रयोग झाले. न्यूयॉर्कच्या नाट्यसमीक्षक मंडळाने त्या वर्षीचे सर्वोत्तम नाटक म्हणून ते निवडले. योगायोग असा की त्याच 1959 मध्ये इकडे दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह चालू होता. तिकडे घर, इकडे जमीन.

आणि मग चित्रपट निघाला. 1961. संहिता हॅन्सबेरीचीच, नटही बहुतेक रंगमंचावरचेच. दिग्दर्शक मात्र डॅनियल पेट्री, म्हणजे गोरा माणूस. पेट्री वाईट दिग्दर्शक नव्हते, चित्रपटही वाईट नाही. प्रश्न वेगळा आहे. ज्याने दोन वर्षे त्या नाटकाची हाडे मोजली त्याला कॅमेऱ्यामागे उभे करावे असे कंपनीला वाटले नाही. रंगमंचावर सिद्ध झालेला माणूस पैशाचे आकडे मोठे झाले की पुन्हा उमेदवार होतो. पुढची काही वर्षे रिचर्ड्स यांना ब्रॉडवेवर जी कामे मिळाली ती पाहिली की हे आणखी स्पष्ट होते. रिचर्ड राइट यांच्या कादंबरीवरचे 'द लाँग ड्रीम' 1960 मध्ये पाच प्रयोगांत बंद पडले. 1965 चे संगीत नाटक 'द यर्लिंग' तीन प्रयोगांत. एखाद्या गोऱ्या दिग्दर्शकाची दोन नाटके पडली तर तो अनुभव समजला जातो. आपल्या माणसाचे एक पडले तर तो पुरावा होतो.

याच काळात रिचर्ड्स यांच्यावर दुसऱ्या बाजूनेही टीका होत होती, तीही आपल्या वाचकांनी समजून घ्यावी. लीरॉय जोन्स, म्हणजे पुढचे अमिरी बराका, यांनी 1965 मध्ये हार्लेममध्ये कृष्णवर्णीयांचे स्वतःचे नाट्यगृह सुरू केले. त्यांच्या दृष्टीने 'रेझिन' हे मध्यमवर्गीय आकांक्षांचे नाटक होते. गोऱ्यांच्या वस्तीत घर मिळवण्यासाठी क्रांती कशाला, असा त्यांचा रोख. 1980 नंतरच्या दशकात याच बराकांनी आपले मत बदलून, ते नाटक आपल्या लोकांच्या प्रत्यक्ष झगड्याचे होते, असे लिहिले. दलित साहित्यात 'पांढरपेशा दलित' या शब्दावरून जी भांडणे आपण घातली, ती घालताना हा इतिहास आपल्या हाताशी असता तर काही शिव्या वाचल्या असत्या.

रिचर्ड्स यांच्या कारकीर्दीतला माझ्या मते सर्वांत मोठा भाग यानंतर सुरू होतो, आणि तो रंगमंचावर नाही. कनेटिकट राज्यात वॉटरफर्ड येथे यूजीन ओनील यांच्या नावाचे नाट्यकेंद्र 1964 मध्ये जॉर्ज व्हाइट यांनी स्थापन केले. तिथे दर उन्हाळ्यात नव्या नाटककारांचे संमेलन भरते. 1968 पासून 1999 पर्यंत रिचर्ड्स त्या संमेलनाचे कलासंचालक होते. देशभरातून दर वर्षी हजाराहून अधिक संहिता येत आणि त्यांतून मूठभर निवडल्या जात. निवडलेल्या नाटकाचा पूर्ण प्रयोग होत नसे. चार-पाच दिवसांची तालीम, नेपथ्य म्हणून सगळ्यांना सारखे असलेले काही ठोकळे, नट हातात कागद घेऊन उभे. आणि दोन प्रयोग. पहिल्या प्रयोगानंतर लेखकाने रात्रीत पाने बदलावीत, दुसऱ्या प्रयोगात नटांनी ती नवी पाने वाचावीत. तिथे येणाऱ्या समीक्षकांना त्या प्रयोगांचे परीक्षण छापायला मनाई होती.

ही शेवटची अट वाचली तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून विचार करत बसलो. आमच्या भागातील मुले एकांकिका लिहितात. ती थेट स्पर्धेत जाते. 40 मिनिटे मिळतात, घंटा वाजते, पडदा पडतो, परीक्षक एका वाक्यात निकाल सांगतात. एका स्पर्धेत आमच्या विद्यार्थ्याच्या एकांकिकेविषयी एक परीक्षक म्हणाले की विषय चांगला, पण कलात्मकता कमी. तो मुलगा पुन्हा लिहायला बसला नाही. त्याच्या संहितेत दोष होते, मी ते त्याला सांगितलेही होते. पण पहिलाच खर्डा अखेरचा समजला गेला. लिहिणाऱ्याला अपुरे राहण्याचा हक्क पाहिजे. चुकीचा प्रवेश लोकांसमोर उभा राहिलेला पाहून मग तो स्वतःच्या हाताने फाडून टाकण्याचा हक्क. ज्यांच्या घरात तीन पिढ्या नाटक पाहिलेले असते त्यांना हा हक्क घरातच मिळतो. काका वाचतो, आत्या सुचवते, ओळखीचा दिग्दर्शक 'सहज' एक वाचन ठेवतो. आमच्या मुलाला हे सारे स्पर्धेच्या परीक्षकाकडून एका वाक्यात मिळते. रिचर्ड्स यांनी वॉटरफर्डला केले ते एवढेच, की हा घरगुती हक्क त्यांनी संस्थेचा नियम करून टाकला. याला फार पैसा लागत नाही. एक खोली, सहा-सात वाचणारी माणसे आणि तोंडावर ताबा असलेले प्रेक्षक. तिसरी गोष्ट आपल्याकडे दुर्मीळ आहे.

ऑगस्ट विल्सन हा या नियमाचा सर्वांत प्रसिद्ध लाभार्थी. 1945 चा जन्म, पिट्सबर्गची गरीब वस्ती. शाळेत लिहिलेला निबंध तुझा असूच शकत नाही असा आरोप झाला, तेव्हा पंधराव्या वर्षी शाळा सोडून तो सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसला. पुढे नाटके लिहून तो ओनील केंद्राकडे पाठवी आणि ती साभार परत येत. एक नव्हे, अनेक. 1982 मध्ये 'मा रेनीज ब्लॅक बॉटम' स्वीकारले गेले. कृष्णवर्णीय संचालक बसला आहे म्हणून आपल्या माणसाची संहिता पहिल्या झटक्यात घेतली असे झाले नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. रिचर्ड्स यांनी नकार देताना भीड ठेवली नाही. पण घेतल्यावर हात सोडला नाही.

1979 मध्ये ते येल विद्यापीठाच्या नाट्यविद्यालयाचे अधिष्ठाता आणि येल रेपर्टरी थिएटरचे कलासंचालक झाले होते. 1991 पर्यंत त्या पदावर राहिले. बूटपॉलिश करणारा मुलगा येलचा अधिष्ठाता झाला, असे वाक्य वर्तमानपत्राला फार आवडते. मला त्या पदाने काय साधले ते पाहणे अधिक आवडते. दक्षिण आफ्रिकेचे अथॉल फुगार्ड यांचे 'मास्टर हॅरल्ड... अँड द बॉइज' सर्वप्रथम झाले ते 1982 मध्ये येलला. आणि विल्सन यांची नाटके. आता साखळी पूर्ण झाली: ओनील केंद्रात कागद हातात धरून वाचन, येलला पहिला प्रयोग, मग बोस्टन, शिकागो, सिॲटल अशा शहरांतल्या नाट्यसंस्थांत एकेक मुक्काम, प्रत्येक मुक्कामी काटछाट, आणि शेवटी ब्रॉडवे. 'मा रेनी' 1984 मध्ये, 'फेन्सेस' 1987 मध्ये, 'जो टर्नर्स कम अँड गॉन' 1988 मध्ये, 'द पियानो लेसन' 1990 मध्ये, 'टू ट्रेन्स रनिंग' 1992 मध्ये, 'सेव्हन गिटार्स' 1996 मध्ये ब्रॉडवेवर आले. सहाही नाटकांचे दिग्दर्शक रिचर्ड्स.

'फेन्सेस'चा नायक ट्रॉय मॅक्सन पिट्सबर्ग नगरपालिकेचा कचरा उचलणारा कामगार आहे. नाटकाच्या आरंभीच कळते की त्याने साहेबाला प्रश्न विचारला आहे: गाडी गोरे चालवतात आणि पिंपे आम्हीच का उचलायची? हा प्रश्न आपल्या सफाई कामगार वस्तीत ज्यांनी ऐकला आहे त्यांना ट्रॉय परका वाटणार नाही. पण विल्सन त्याला पुतळा करत नाहीत. हाच ट्रॉय घरात मुलाची वाट अडवतो, बायकोला फसवतो. आपल्या बापाला असे रंगमंचावर आणायला किती धैर्य लागते! ते लेखकाजवळ असते. पण मोठा नट, भीतीने घायकुतीला आलेला निर्माता आणि तिकीट काढणारा प्रेक्षक यांच्यापुढे ते टिकवून धरायचे काम दिग्दर्शकाचे. पहिल्या वाचनाला नाटक चार तासांच्या पुढे गेले होते. ते आटोपशीर करण्यात काही वर्षे गेली. ब्रॉडवेपूर्वी निर्मातीला शेवट बदलून हवा होता. लेखक आणि दिग्दर्शक यांनी तो बदलू दिला नाही. नाटकाला पुलित्झर पारितोषिक मिळाले, रिचर्ड्स यांना दिग्दर्शनाचे टोनी.

'द पियानो लेसन'ची गोष्ट तर आपल्या भूमिहीनांच्या चळवळीत वाढलेल्या कोणालाही अस्वस्थ करील. घरात एक पियानो आहे, गुलामगिरीत विकल्या गेलेल्या पूर्वजांचे चेहरे त्यावर कोरलेले आहेत. भावाला तो विकून ती जमीन घ्यायची आहे, ज्या जमिनीवर त्याचे वाडवडील गुलाम म्हणून राबले. बहीण विकू देत नाही. जमीन की स्मृती? येलच्या प्रयोगात पियानो अखेर कोणाकडे राहतो ते स्पष्टच नव्हते. 1987 ते 1990 या अडीच वर्षांच्या फिरतीत विल्सन यांनी तो शेवट पुन्हा पुन्हा लिहिला. उत्तर सापडेपर्यंत नाटक थांबवून ठेवणारा दिग्दर्शक होता म्हणून हे शक्य झाले. भावाची भूमिका चार्ल्स डटन यांनी केली. डटन मनुष्यवधाच्या गुन्ह्यात तुरुंगात होते, नाटकाचे वेड तिथेच लागले, आणि पुढे ते येलला रिचर्ड्स यांच्या नाट्यविद्यालयात शिकले.

या पद्धतीवर आक्षेपही घेतले गेले. रिचर्ड्स यांच्या आधी येलला अधिष्ठाता असलेले रॉबर्ट ब्रस्टीन यांनी म्हटले की नफ्यासाठी नसलेल्या संस्थांना ब्रॉडवेच्या मालाची चाचणी घेण्याची ठिकाणे बनवले जात आहे. आक्षेपात तथ्य आहे. पण ज्यांच्याजवळ खासगी भांडवल नाही त्यांनी सार्वजनिक संस्थेतून वेळ मिळवायचा नाही तर कुठून? गोऱ्या नाटककारांसाठी हीच वाट चालू होती तेव्हा तिचा एवढा गवगवा झाला नव्हता.

दूरदर्शनवरचे रिचर्ड्स यांचे काम थोडे आहे, पण मुद्द्याचे आहे. 1977 मध्ये 'रूट्स' ही मालिका अमेरिकेने डोळे विस्फारून पाहिली. गुलामगिरीची ती कथा दिग्दर्शित करणाऱ्या चौघांत गिल्बर्ट मोझेस हे एकटे कृष्णवर्णीय होते. 1979 मध्ये पुढचा भाग आला तेव्हा चौघांत दोन झाले: जॉर्ज स्टॅनफर्ड ब्राउन आणि लॉइड रिचर्ड्स. गणित अजून पुरते जुळले नव्हते, पण एकाचे दोन झाले.

त्याच सुमारास त्यांनी फिलिप हेज डीन यांचे 'पॉल रोब्सन' हे एकपात्री नाटक जेम्स अर्ल जोन्स यांना घेऊन बसवले, 1978 मध्ये ब्रॉडवेवर आणि 1979 मध्ये सार्वजनिक दूरदर्शनवर. रोब्सन 1976 मध्ये वारले होते. त्यांच्या मुलाने आणि जेम्स बाल्डविन यांच्यासारख्या लेखकांनी या नाटकाविरुद्ध जाहीर निवेदन काढले. रोब्सन यांचा राजकीय कणा काढून त्यांना सर्वांना आवडेल असा थोर गायक केले, हा आक्षेप. निर्मात्यांच्या बाजूचे म्हणणे असे की न पाहता बंदी घालणे हे आमच्याच लोकांनी करावे काय? या भांडणात मी पूर्णपणे रिचर्ड्स यांच्या बाजूला जाऊ शकत नाही. 'युगयात्रा' बाबासाहेबांच्या समोर झाले. त्यांच्या पश्चात त्यांच्यावर नाटके, चित्रपट, मालिका आल्या. त्यांत घटनेचे शिल्पकार भरपूर दिसतात. महाडला मनुस्मृती जाळणारे, हिंदू धर्म सोडतो म्हणणारे बाबासाहेब थोडे दिसतात. दिग्दर्शक आपला असला म्हणजे हा धोका टळतो, असे नाही. एवढेच की तो आपला असला तर त्याला जाब विचारता येतो, आणि तो द्यावाही लागतो.

1995 मध्ये 'द पियानो लेसन' दूरचित्रपट म्हणून आले आणि या खेपेस कॅमेऱ्यामागे स्वतः रिचर्ड्स होते. डटन आणि अल्फ्री वुडार्ड हे भाऊबहीण. रंगमंचावर शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला पियानोवरची नक्षी दिसत नाही. इथे कोरलेल्या चेहऱ्यांजवळ जाता आले. 1961 मध्ये जे नाकारले गेले होते ते चौतीस वर्षांनी, पंच्याहत्तरी गाठल्यावर मिळाले, तेही लहान पडद्यावर.

'सेव्हन गिटार्स'नंतर विल्सन आणि रिचर्ड्स यांची जोडी फुटली. त्याच 1996 च्या जूनमध्ये विल्सन यांनी प्रिन्स्टनला नाट्यसंस्थांच्या अधिवेशनात भाषण केले. देशातील प्रमुख प्रादेशिक नाट्यसंस्थांच्या संघात 66 संस्था आहेत, त्यांत कृष्णवर्णीयांची म्हणता येईल अशी एकच, हे त्यांनी सांगितले. रिचर्ड्स यांच्या बारा वर्षांच्या येलच्या कारकीर्दीनंतरचा हा आकडा आहे. अधिष्ठाता आपला झाला, पण इमारत, विश्वस्त, देणगीदार दुसऱ्यांचेच राहिले. माणूस पदावरून उतरला की वाट पुन्हा अरुंद होते. आपल्याकडे गज्वींचे 'किरवंत' डॉ. श्रीराम लागू यांनी बसवले आणि ते मोठ्या प्रेक्षकवर्गापर्यंत गेले, याबद्दल कृतज्ञता असावीच. परंतु त्या तोलाची स्वतःची तालमीची जागा आपण किती उभ्या केल्या, हा हिशेब लागूंनी द्यायचा नाही.

रिचर्ड्स 29 जून 2006 रोजी, आपल्या 87 व्या वाढदिवशी, न्यूयॉर्कला वारले. विल्सन त्यांच्या आधी, ऑक्टोबर 2005 मध्ये गेले होते. 'फेन्सेस'चे चित्रपटाचे हक्क 1980 नंतरच्या दशकातच विकले गेले होते, पण दिग्दर्शक कृष्णवर्णीयच पाहिजे, ही अट विल्सन यांनी 1990 मध्ये लेख लिहून जाहीरपणे घातली आणि मरेपर्यंत सोडली नाही. कंपनी दुसरी नावे सुचवत राहिली, चित्रपट अडून राहिला. तो निघाला 2016 मध्ये. दिग्दर्शक डेन्झेल वॉशिंग्टन. पटकथाकार म्हणून नाव ऑगस्ट विल्सन यांचे.